शिडीचा ठसा

१

सकाळी दहा ते बारा ही माझी कामाची वेळ. सांगलीतल्या आमच्या घराची जेवणाची खोली पूर्वेला आहे आणि त्या दोन तासांत खिडकीतला उजेड टेबलावर तिरपा पडतो. धातूवर ठोकलेलं बारीक अक्षर तिरप्या उजेडातच वाचता येतं. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात वस्तू. भिंगातून दिसलं तेवढ्यावर विसंबायचं नाही. मेणबत्तीची काजळी ठशावर धरायची, वर पारदर्शक चिकटपट्टी दाबायची, अलगद उचलायची आणि पांढऱ्या कार्डावर चिकटवायची. ठसा कार्डावर उतरतो. खाली तारीख आणि सही.

मी आयुष्यभर धातुशास्त्र शिकवलं. त्यातलं संशोधन तरुणपणी फ्रान्समध्ये केलं. निवृत्तीनंतर जुन्या घराण्यांकडची फ्रेंच भांडी ओळखून द्यायचा नाद लागला. नियम सोपा आहे. शुद्ध चांदी असेल तर कारागिराचा ठसा शंकरपाळीच्या आकारात असतो. चांदीचा नुसता मुलामा असेल तर चौकोनात.

गेल्या वर्षी मी नेमका तिथेच चुकलो. औंधजवळच्या एका बागायतदार घरातला ट्रे होता. चौकोन तिरका ठोकलेला, एका कोपऱ्यावर उभा राहिल्यासारखा. मी शंकरपाळी वाचली आणि चांदी आहे असं लिहून दिलं. त्यांनी तो मुलीच्या, शिवांजलीच्या रुखवतात मांडला. मुलाकडच्यांच्या सोनाराने मांडवातच कानशीने एक ओरखडा काढला. आत पितळ होतं.

त्याच वर्षी मी मिरज स्टेशनवर उतरलो आणि घरी कसं जायचं ते मला अर्धा तास आठवेना. दोनदा गॅस चालू राहिला. माझी मुलगी पल्लवी पुण्याला असते. तिने फोनवर स्पष्टच सांगितलं.

"बाबा, पुढच्या सोमवारी मिरजेला डॉक्टरांकडे तुमची तपासणी आहे. शनिवारी मी येतेय. तोवर आणखी काही झालं तर मी रिपोर्टची वाट बघणार नाही. घराला कुलूप लावून तुम्हाला घेऊन जाईन."

"काही होणार नाही."

"गेल्या वेळीही हेच म्हणाला होतात."

मला घर सोडायची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती ही होती की तिचं म्हणणं खरं असेल, आणि ते समजण्याइतकं डोकं माझ्याकडे उरलेलं नसेल.

२

हा फोन आला त्याच दिवशी, सोमवारी, जयराज आला. चाळिशीच्या आतला, फौजेतून निवृत्त झालेला. बूट न काढता तो थेट जेवणाच्या खोलीत आला आणि टेबलावर लाकडी पेटी ठेवली.

"वळखलं का?"

"हो. तो ट्रे..."

"ट्रेचा न्हाई. शिवांजलीचा भाऊ."

मी खुर्ची पुढे केली. तो बसला नाही. पाणी दिलं, त्याने पेल्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"ट्रेच्या संगतीचंच हाय ह्ये. बारा चमचे. आज्ज्यानं एका बंगल्याच्या लिलावातनं आणल्यालं. काय हाय ते लिवून द्या. रविवारी येतो."

"मागची चूक माझीच होती. मी तुमच्या घरी येऊन सगळ्यांसमोर..."

"माफीचं काय करू? मांडवात चारशे मानसं हुती. त्यांच्या घरी आता येकयेकट्याला जाऊन सांगनार हाईसा का?"

मी पेटी त्याच्याकडे सरकवली. मग म्हणालो, "तुम्ही पेटी घेऊन जा. मी दोन तासांसाठी तुमच्याकडे येऊन बघतो. दुसऱ्याची जुनी वस्तू मी सहसा घरी ठेवून घेत नाही."

"आता ठेवा." त्याने पेटीवर हात आपटला. "हितंच ऱ्हाईल ती."

जाताना तो स्वयंपाकघराच्या दारात थांबला. आतल्या मांडणीवर आमची स्टीलची भांडी ओळीने उभी असतात. आमच्या पिढीतल्या कुठल्याही घरासारखीच. वाट्या, पेले, डबे, काहींवर दुकानात मशीनने घातलेलं नाव आणि तारीख. कुणी दिलं, कुणाला दिलं, कधी दिलं. जयराजने ती सावकाश बघितली.

"भांडी लय हायत की तुमच्याकडं," तो म्हणाला. "नावंबी घातल्याली."

३

मंगळवारी मी पेटी उघडली. चमचे वजनदार होते. टोकाच्या डाव्या बाजूला मुलामा झिजला होता. उजव्या हाताने खाणाऱ्यांचा चमचा तसाच झिजतो. ठसा दांड्याच्या मागे होता. चौकोन. यावेळी मी तो चार बाजूंनी फिरवून पाहिला. चौकोनच. आत दोन रोमन अक्षरं आणि त्यांच्यामध्ये तीन पायऱ्यांची एक शिडी.

माझ्याकडे जुन्या फ्रेंच ठशांच्या नोंदवहीची छायाप्रत आहे. शिडी सापडली. पॅरिसमधला एक छोटा कारागीर. नोंदीपुढे शेरा होता की, त्याचा ठसा मोडून रद्द करण्यात आला. तारीख सव्वाशे वर्षांपूर्वीची. मला आनंद झाला, तो मी नाकारत नाही. यावेळी मी बरोबर होतो.

अकरा चमच्यांवर शिडी होती. बाराव्यावर काहीच नव्हतं. भिंगाखाली गुळगुळीत. काजळी लावून पट्टी उचलली, कार्डावर नुसता काळसर पट्टा आला. मी खाली लिहिलं: बारावा चमचा, ठसा नाही. सही केली. चमचे पेटीत उताणे ठेवले आणि जेवून पडलो.

दुपारी अडीचच्या सुमारास आवाज आला. एकच.

टक.

सोनाराच्या हातोडीसारखा, बारीक आणि नेमका. मी कान देऊन पडून राहिलो. पुन्हा आला नाही. बाहेर कामवाली साळूबाई भांडी घासत होती. तिच्याच हातून काहीतरी पडलं असेल, असं मी धरून चाललो.

४

बुधवारी पेटी उघडली तेव्हा बाराही चमचे उपडे होते.

जुन्या फ्रेंच घरांत चमचे टेबलावर उपडे मांडतात, पाठीवरची मुद्रा दिसावी म्हणून. हे आमच्या गल्लीत माझ्याशिवाय कुणालाही माहीत असण्याचं कारण नाही. म्हणजे मीच ते तसे ठेवले असणार. मी स्वतःला असं समजावलं आणि बारावा चमचा उचलला.

त्यावर शिडी होती.

ठशाच्या कडा धारदार होत्या. धातू बाजूला सरकून बारीक काठ उभा राहिला होता. जुन्या ठशाचा असा काठ हाताळून हाताळून झिजलेला असतो. हा बोटाला टोचत होता. मी कार्ड काढलं. माझं अक्षर, माझी सही, ठसा नाही. बाराही चमचे दोनदा तपासले. कोऱ्या दांड्याचा एकही नव्हता.

साळूबाई फरशी पुसत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काल दुपारी तुझ्या हातून काही पडलं का?"

"मी कशाला पाडू? तुमीच आत ठोकत हुता न्हवं?"

"मी?"

"आवं, ठोकल्याचा आवाज आला. मी खिडकीतनं बघितलं तर तुमी हितंच बसल्याला. पाठ हिकडं हुती. हाक मारली तर वळलाबी न्हाई."

"मी झोपलो होतो."

तिने फडकं पिळलं आणि माझ्याकडे बघितलं. "बरं," ती म्हणाली. लहान मुलाला म्हणतात तसं.

माझ्या घरात एकच हातोडी आहे. ती माळ्यावरच्या पेटीत होती. मी स्टूलवर चढून बघितली. तिच्यावरची धूळ जशीच्या तशी होती. पण असा ठसा उमटवायला नुसती हातोडी पुरत नाही. टोकाला उलटं अक्षर कोरलेली पोलादी कांडी लागते. ती या घरात कधीच नव्हती.

५

गुरुवारी दुपारी आवाज आला तेव्हा मी जागा होतो. अंथरुणात बसलो होतो. उठायला हवं होतं. पण जेवणाच्या खोलीपर्यंतची ती बारा पावलं मला टाकता आली नाहीत. मी दाराकडे बघत बसलो आणि साळूबाई येईपर्यंत तसाच होतो.

तिनेच हाक मारली. तिच्या हातात चहाचं भांडं होतं.

"ह्ये काय केलंसा?"

त्या भांड्यावर माझ्या दिवंगत पत्नीचं नाव होतं. आमच्या लग्नात तिच्या माहेरून आलेलं भांडं. नावाच्या जागी आता एक लहानसा चौकोन होता, आत दोन अक्षरं आणि शिडी. भोवतीचं स्टील नव्यासारखं गुळगुळीत.

"बाईंच्या नावावर कशापायी ठोकलंसा? त्यांनी काय वाईट केलं तुमचं?"

"मी नाही केलं."

"मग कुनी? घरात दुसरं हाय कोन?"

मी भांडं खिडकीशी नेलं. काजळी लावली, पट्टी उचलली. मशीनने कोरलेलं नाव खोल असतं. त्यावर ठसा मारला तरी अक्षरांचे तुकडे बाजूने राहायला हवेत. कार्डावर चौकोन आला, शिडी आली. नाव अजिबात नव्हतं.

मग मी ते तोंडाने म्हणायला गेलो. सदतीस वर्षं ज्या नावाने मी हाक मारली ते नाव. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. तिचा चेहरा दिसत होता, तिची चाल, तिचा मोगऱ्याचा वास. नाव नव्हतं. इथे ते मी पल्लवीला विचारून लिहितो आहे: राजेश्वरी. लिहिताना ते मला परक्या बाईचं वाटतं.

साळूबाईने हात धुतले आणि पदराला पुसले.

"पल्लवीताईंना मी फोन लावते. आन उद्यापासनं मी येनार न्हाई. माझी पोरं ल्हान हायत."

"तुझ्या पोरांचा काय संबंध?"

"त्ये मला काय म्हाईत न्हाई. पर येनार न्हाई."

६

शुक्रवारी मी प्रयोग केला. मला एकच गोष्ट ठरवायची होती. हे मी करतो की नाही?

दुपारी मी पेटी आणि खुर्ची ओल्या फडक्याने पुसून कोरडी केली. पांढरी चादर अंथरली, मग मेणबत्ती पेटवून दोन्ही तळहातांना काजळी फासली. हात पालथे न घालता, उताणे ठेवून पडलो. झोपेत उठलो तर दारावर, खुर्चीवर, पेटीवर, सगळीकडे काळे डाग पडणार होते.

मला झोप लागली. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

जागा झालो ते आवाजाने. टक. मग सावकाश, मोजून, आणखी पाच. मध्ये भांडं फिरवल्याचा आवाज, आणि प्रत्येक ठोक्यानंतर एक हलकी फुंकर. चुरा उडवायला मारतात तशी. मीही तशीच मारतो.

आवाज थांबल्यावर मी गेलो. काजळी माझ्या हातांवर जशीच्या तशी होती. दारावर डाग नव्हता, खुर्चीवर नव्हता, पेटीवर नव्हता. टेबलावर सहा भांडी पालथी होती. आईची वाटी. मावशीने दिलेला डबा. आणखी चार, ती कुणाची ते मला सांगता येत नाही. सगळ्यांवर शिडी.

मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मी चक्क हसलो. मी केलं नव्हतं. माझं डोकं शाबूत होतं, हातांवरची काजळीच त्याची साक्ष होती. मग हसू थांबलं, कारण माझ्या मागची खुर्ची उबदार होती. मी तिला टेकलो होतो आणि ऊब शर्टातून पाठीला लागत होती.

मी जयराजला फोन केला.

"पेटी आजच घेऊन जा."

"रविवारी."

"जयराज, या घरात काहीतरी..."

"तुमच्याकडंबी वाजाय लागलं व्हय?" त्याच्या आवाजात जराही नवल नव्हतं. "आमच्याकडं दोन वर्सं वाजत हुतं. आईनं म्हटलं, टाकून देऊ सगळं नदीत. मग तुमी लिवून दिलंसा, चांदी हाय. चांदी कोन टाकतंय? ट्रे शिवांजलीसंगं पाठवला. तिची रुखवताची भांडी हुती, नावं घातल्याली. आता तिला नाव इचारलं तर गप बसती. पावणे म्हनत्यात, येडी पोर दिली."

"तुम्हाला माहीत होतं. तरी पेटी माझ्या घरात आणून ठेवलीत."

"तुमी शिकल्याली मानसं. म्हटलं, बगा तुमीच. कागद तयार ठेवा."

त्याने फोन ठेवला. मी स्वयंपाकघरात गेलो आणि मांडणीवर उरलेली नावं वाचली. कोरी भांडी बरीच होती. नाव असलेलं एकच उरलं होतं, एक छोटा पेला. चि. पल्लवी. खाली तिच्या बारशाची तारीख.

७

पेला मी कपाटात माझ्या गरम कपड्यांच्या आत ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं.

शनिवारी अकराला पल्लवी आली. आल्या आल्या तिने मांडणी बघितली, शिडीचे ठसे बघितले, काजळीने काळा झालेला टॉवेल बघितला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"साळूबाई सांगत होती, मला खरं वाटलं नव्हतं."

"पल्लवी, मी केलेलं नाही. माझ्याकडे पुरावा आहे. मी हातांना काजळी..."

"बाबा, हाताला काजळी फासून झोपणं हा पुरावा आहे?"

"तू आत्ता इथून जा. परत पुण्याला जा. मी रविवारनंतर येतो, तू म्हणशील तिथे येतो."

"तुम्हाला सोडून? आता?" ती डोळे पुसून उठली. "मी पहाटे पाचला निघालेय. थोडी पडते. मग तुमची बॅग भरू. सोमवारी डॉक्टर आणि तिथूनच पुणे."

ती आतल्या खोलीत आडवी झाली. मी तिच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसलो. तिचा श्वास संथ झाला. दोन वाजले. अडीच झाले. मी कपाटाची किल्ली मुठीत धरली होती. घामाने ती निसटत होती.

जेवणाच्या खोलीत खुर्ची सरकली. मग भांडं टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, एका लहान, हलक्या पेल्याचा. किल्ली माझ्या मुठीत होती.

यावेळी मी गेलो. बारा पावलं. दाराच्या चौकटीला हात टेकून उभा राहिलो. चौकटीचा रंग हाताला गार लागत होता. हे मुद्दाम लिहितो, कारण मी दारात उभा होतो एवढं मला नक्की माहीत आहे.

माझ्या खुर्चीवर कुणीतरी दाराकडे पाठ करून बसलं होतं. माझ्यासारखीच बनियन. मागे टक्कल, मानेवर तसेच पांढरे केस. मान एका बाजूला कललेली, भिंगातून बघताना माझी कलते तशी. त्याच्यासमोर बारा चमचे ओळीने उपडे मांडले होते आणि मधोमध पल्लवीचा पेला आडवा होता. त्याचा उजवा हात वर होता.

चमच्याची पाठ फुगीर असते. तिच्यात समोरचं सगळं लहान होऊन दिसतं. अकरा चमच्यांत त्याचं तोंड खाली, कामाकडे होतं.

बाराव्यात ते माझ्याकडे बघत होतं.

मी पुढे झालो. कसा ते माहीत नाही. पेल्यावर, तिच्या नावावर, मी डावा हात पालथा टाकला आणि डोळे मिटले. जवळून वास आला, काजळीचा आणि शिळ्या अन्नाचा.

टक.

८

पल्लवीने मला टेबलाशी उभं पाहिलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तिने माझा हात धरून नळाखाली घेतला. हाताच्या पाठीवर, दोन शिरांच्या मध्ये, नखाएवढा निळा चौकोन होता.

"कुठे आपटलात?"

"टेबलावर."

"तुमचं नाव काय?" तिने विचारलं नव्हतं. ते मी स्वतःला विचारलं, नळाच्या आवाजात, दोन वेळा. माझं नाव आलं नाही. मग तिला विचारलं, "तुझं नाव काय?"

ती घाबरली. "पल्लवी. बाबा, मी पल्लवी."

"हो," मी म्हणालो. "पल्लवी." मी ते चार-पाच वेळा म्हटलं. ती रडायला लागली. मला इतकं हलकं वाटत होतं की तिला काय सांगावं ते कळेना. आपल्याला सगळ्याचा अर्थ लागला असं तिला वाटलं, आणि मी तिला अडवलं नाही. म्हणालो, "सगळं मीच केलं. मला विसर पडतो. ने मला."

रविवारी सकाळी जयराज आला. यावेळी तो बसला. मी पेटी पुढे केली आणि कागद दिला. चांदीचा मुलामा, आत पितळ, चौकोनी ठसा, शिडी. मागच्या वर्षीच्या ट्रेवरही हाच ठसा, ओळखण्यात चूक माझी. त्याने तो ओठ हलवत शेवटपर्यंत वाचला.

"सही न्हाई."

मी पेन घेतलं. कागदावर टेकवलं. खाली फक्त शाईचा ठिपका मोठा होत गेला. जयराज बघत होता. त्याची नजर माझ्या हातावरच्या चौकोनावर गेली आणि तिथेच राहिली. त्याला बरं वाटलं की वाईट, ते मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

"ऱ्हाऊ द्या," तो हळूच म्हणाला. "कळलं."

"बाबांना बरं नाहीये," पल्लवी म्हणाली. "त्यांच्या वतीने मी करते."

तिने माझ्या हातातून पेन घेतलं. लग्नानंतरही तिने नाव बदललेलं नाही. सही ती नेहमी पूर्ण करते, स्वतःचं नाव, मध्ये वडिलांचं, मग आडनाव. शाळेपासूनची सवय. तिने पल्लवी लिहिलं. पेन उचललं, थोडी मोकळी जागा सोडली, आणि पुढे आडनाव लिहिलं.

मग तिने कागद पुन्हा एकदा वाचून पाहिला, आणि सगळं बरोबर आहे अशी मान हलवून जयराजच्या हातात दिला.